साळुंक्यांचा पिंजरा

माझी फजिती मीच सांगून टाकते. लेकीच्या तोंडून ऐकली, तर त्यात मीठमसाला जास्तीचा असतो.

लेकीकडं ऑस्ट्रेलियाला गेल्ते. तिथं झाडावर पोपट कोंबडीएवढाले, पण वळखीचं एक पाखरू दिसंल तं शप्पथ. अन् एक दिवस कुंपणावर पिवळ्या चोचीची साळुंकी येऊन बसली. बिलकुल आपल्या जाफराबादच्या बसस्टँडवरची! माहेरचं माणूस भेटावं तसं झालं मला.

दुसऱ्या दिवशी बघते तं काय, शेजारच्या म्हाताऱ्याच्या अंगणात पिंजरा, अन् आत तीन साळुंक्या. आता तुम्हीच सांगा, गप बसवंल का? म्हातारा बाजारात गेल्ता, लेक-जावई कामावर. कुंपणाच्या फटीतून घुसले, कडी काढली अन् म्हणलं, "जा माय, जल्दी पळा."

असं चार दिवस चाललं. तो धरायचा, मी सोडायची.

पाचव्या दिवशी म्हातारा लेकीला सांगायला आला, की या पाखरांना आता कडी उघडता येऊन राह्यली. त्याच्या पक्षी बघणाऱ्या मंडळातले सहा जण दुर्बिणी घेऊन ही हुशार पाखरं बघायला आले. मी त्यांना चहा करून दिला, पण तोंडातून शब्द काढला न्हाई. त्यांनी जाताना पिंजऱ्याजवळ कॅमेरा लावला, हे मला कुठं ठाऊक? दुसऱ्या दिवशी मी आपली परत कडी काढायला गेले.

रविवारी त्यानं आम्हा तिघांना घरी बोलावलं. मंडळातले समदे बसल्ते. टीव्ही लावला, तं त्यात गाऊनवर स्वेटर, डोक्याला मफलर, अन् कुंपणाच्या फटीत अडकलेली मी. चांगली पाच मिनिटं अडकल्ते. कुणी हासलं सुद्धा न्हाई. लेकीनं मान खाली घातली ती वर केलीच न्हाई.

म्हातारा भला माणूस, रागावला न्हाई. सावकाश समजावत गेला अन् लेक मराठीत सांगत गेली. "आई, ते म्हणतात, ही पाखरं मूळची हिंदुस्तानातली. इथल्या पाखरांच्या ढोलीत शिरतात, मालकाला बाहेर काढतात, अन् मंग हलायचं नाव घेत न्हाईत."

मी हळूच जावयाकडं पाह्यलं. चार महिने झाल्ते, त्यांच्या झोपायच्या एकुलत्या एक खोलीत पलंगावर मी अन् लेक, अन् तो बिचारा बाहेर सोफ्यावर पाय दुमडून झोपत होता.

घरी आल्यावर म्हणलं, माझ्या परतीच्या तिकिटाची तारीख कधीची हाय, बघता का जरा?

बघायची गरज पडली न्हाई. तारीख, वार, विमानाचा नंबर, समदं जावयाला तोंडपाठ होतं.