काट्यावरची जुनी लायब्ररी

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. मी एका बटणानं फलटणजवळचा अख्खा साखर कारखाना अडवलाय.

मी साताऱ्याचा, कॉम्प्युटरचं काम करतो. ऐन हंगामात कारखान्यानं बोलावलं. ऊस मोजायच्या काट्यावर पावती छापणारा नवा प्रोग्राम बसवायचा होता. आता असं बघा, एकेक प्रोग्राम काही सगळं काम स्वतः करत नाही. तयार कोडचे गठ्ठे असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. एकाच लायब्ररीवर दहा प्रोग्राम जेवतात. नव्या प्रोग्रामला नवी लायब्ररी हवी होती आणि मशीनवर जुनी होती. शहाणा माणूस दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो.

मी म्हटलं, जुनी काढूनच टाकू.

हुकूम दिला, तर मशीननं लांबलचक यादी दाखवली. हिच्याबरोबर एवढं सगळं जाईल, चालेल का?

काट्यावरचे कारकून शंकरतात्या मागं उभे होते. "आवं साहेब, यादी लय मोठी हाय. वाचा की जरा."

"तात्या, असल्या याद्या कुणी वाचत नाही." आणि मी 'हो' दाबलं.

तात्यांना थोडी ऐट दाखवावी म्हणून खुर्चीत मागं रेलून बसलो. पडदा काळा झाला. खिडक्या गेल्या, माउसचा बाण गेला, पावतीचा प्रोग्रामही गेला. म्हटलं, इंटरनेटवरून परत उतरवून घेऊ. तर इंटरनेट जोडणारा प्रोग्रामही त्याच यादीत होता.

बाहेर ट्रॅक्टरांची रांग फाटकापार गेली. एक निवृत्त सुभेदार ऊस घेऊन आले होते, ते खिडकीत डोकावले.

"काय झालं वो?"

"अपडेट चालू आहे," मी म्हणालो. आवाज मात्र अजिबात हलू दिला नाही.

"ऊस वाळतुया. अपडेटला सांगा लवकर आवरायला."

तात्यांनी गुपचूप जुनी वही काढली आणि हातानं पावत्या लिहायला बसले. काटा बिचारा चालूच होता, नुसती छपाई गेली होती. एकेक ट्रॅक्टर सरकू लागला. मी बायकोला फोन केला. तिनं सगळे प्रोग्राम भरलेला माझा घरचा पेन ड्राइव्ह साताऱ्याहून फलटणच्या एसटीत कंडक्टरकडं दिला. तो आला, मी मशीन पहिल्यापासून उभं केलं, या वेळी दोन्ही लायब्रऱ्या शेजारी शेजारी बसवल्या, आणि चारच्या सुमाराला पावती छापली.

कारखान्याचे शेतकी अधिकारी एवढे खूश झाले की कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर माझ्या हातात श्रीफळ दिलं. एवढा मोठा बिघाड एका दिवसात काढला म्हणून. मीही मान झुकवून घेतलं, नाही कशाला म्हणू?

मग त्यांनी तात्यांना दोन शब्द बोलायला लावले. तात्या उठले, टोपी नीट केली.

"साहेब नसते तर आज मशीन चालू झालं नसतं," ते म्हणाले. "आन् बंदबी पडलं नसतं."