तिसरी हाक

हिंगोलीला भाड्याच्या खोलीत भरतीचा अभ्यास करताना मी रोज तीनच तास झोपायचो. एका भर दुपारी दारातून आईची हाक आली. आमच्याकडे तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत. दोनदाच हाक मारतं ते माणूस नसतं, असं मानतात. हाका दोनच आल्या. आई तर गावी होती.

रोज तसंच होऊ लागलं. डोकं फिरतंय या भीतीने मी घर गाठलं. वडील मला देवऋषीकडे नेणार होते. शाळेची पायरीही न चढलेल्या आईने त्यांना अडवलं.

"अंगारा मग लावू. लेकरू किती दिसाचं जागं हाय, ते पाहा आधी."

दोन दिवस झोपलो. मग आईची हाक आली. दुसरी आली. मी श्वास रोखून पडून राहिलो. तिसरी आली, तेव्हाच ओ दिली.