झालेलं नाही, आहे

“वास येत नाही,” असं म्हणून त्या समोरच्याचा हात सोडून द्यायच्या, आणि समोरचा माणूस शाळकरी मुलासारखा मुकाट बेसिनकडे चालू लागायचा. वास म्हणजे सॅनिटायझरचा. सदाशिव पेठेतल्या आमच्या हॉस्पिटलात जंतूंचा फैलाव रोखायचं काम ज्या सिस्टरांकडे होतं, त्यांची ही पद्धत. कोणी फाइल पुढे केली की त्या फाइल राहू देत आणि हात पकडून सरळ नाकाशी नेत. एकदा एका बड्या सर्जनचा हात त्यांनी असाच हुंगला आणि भर वॉर्डात जाहीर केलं, “येतोय. पण कांदाभज्यांचा.” सर्जन हसले. हसत हसत बेसिनकडे गेले, हे महत्त्वाचं.

त्यांच्या माघारी सगळे त्यांना साबणताई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. “ताई कशाला लावता? नुसतं साबण म्हणा, वापरायची आठवण तरी राहील.” त्या निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे कोणी कोणाचा हात धरत नाही. भिंतीवर हात धुण्याच्या सूचना लावल्यात, त्या छान आहेत, पण सूचनेला नाक नसतं.

मी तळमजल्यावरच्या लॅबमध्ये. त्यांनी वर वॉर्डात नमुने घ्यायचे, मी खाली ते काचेच्या बशीत वाढवायचे. दुसऱ्याच्या पोटातलं जपून वाढवणं हा माझा चरितार्थ. लग्नकार्यात कोणी काय करता विचारलं की मी विषय बदलतो. दुसऱ्या दवाखान्यात बरेच दिवस काढून कोणी आमच्याकडे आलं, की त्याचा ‘मागच्या दाराचा नमुना’ घ्यायचा असा नियम होता. हे नाव सिस्टरांचंच. पेठेतल्या सभ्य माणसाला याहून उघड सांगितलं तर तो बरा होण्याआधीच घरी जाईल, असं त्यांचं मत.

या नमुन्यांत कधी कधी औषधांना दाद न देणारे जंतू निघत. आणि ज्याच्या पोटात ते निघत, तो माणूस खणखणीत असे. ताप नाही, पोटदुखी नाही, वरणभात जेवून पेपर वाचत पडलेला. त्याला वेगळ्या खोलीत हलवायला गेलं की तो भडके. “अहो, पण मला झालंय काय?”

“झालेलं नाही,” त्या म्हणायच्या. “आहे.”

माणूस पुरता गोंधळला की मग त्या स्टूल ओढून बसायच्या. पोटात जंतू सगळ्यांच्याच असतात. तुमच्यातले काही हट्टी आहेत, एवढंच. तुम्हाला त्यांचा त्रास नाही. पण तुमच्या हातावरून ते शेजारच्या खाटेवर गेले, आणि तिथे कालच पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस असला, तर त्याला मात्र होईल. असण्यातला आणि होण्यातला फरक मला शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंनीही इतका नीट शिकवला नव्हता.

आता आजींचं सांगतो. या आजी आमच्याच पेठेतल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. मांडीचं हाड मोडलं, आधी दुसऱ्या दवाखान्यात महिना काढला आणि मग आमच्याकडे आल्या. घरी सोवळं कडक. स्वयंपाकाला आणि पाण्याला दुसऱ्या कोणी शिवायचं नाही. त्यांचा नमुना माझ्याकडे आला, आणि दोन दिवसांनी बशीत जे उगवलं ते पाहून मी सिस्टरांना फोन केला. आजींना वेगळी खोली मिळाली. आत जाणारा प्रत्येक जण हात धुऊन, निळा एप्रन आणि हातमोजे चढवून जाऊ लागला, आणि बाहेर पडताना दोन्ही बादलीत टाकू लागला.

आजी बेहद्द खूश. पुतण्याला फोनवर सांगत होत्या, “त्या मागच्या ठिकाणी कोणीही यायचं, कशाही हातांनी शिवायचं. इथे सोवळं आहे रे! नेसून येतात आणि टाकून जातात. आपल्याहून कडक.”

सिस्टरांनी खरं काय ते त्यांना तीनदा समजावलं. आजी तिन्ही वेळा म्हणाल्या, “हो हो, कळलं. शुद्धता हवीच.”

“चौथ्यांदा सांगायची नाही मी,” सिस्टर लॅबमध्ये येऊन म्हणाल्या. “इतक्या वर्षांत माझ्या एप्रनवर खूश झालेला हा पहिला पेशंट आहे.”

मग एक दिवस आजींनी त्यांना आडनाव विचारलं. आमच्याकडे आडनाव कशासाठी विचारतात ते तुम्हाला ठाऊक आहे. सिस्टरांनी ते सांगितलं, आणि पुढचा प्रश्न वाचावा म्हणून आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, हेही सांगून टाकलं. “असं होय,” आजी म्हणाल्या. त्या दिवसापासून सिस्टरांनी भरून ठेवलेला पाण्याचा पेला तसाच राहू लागला.

“पोटात कोण कोण राहतंय ते चालतं, माझा हात चालत नाही!” माझ्याकडे चहा पिताना सिस्टर खदखदून हसल्या. मी त्याच पेठेत, तशाच वळणाच्या घरात वाढलेला. मला हसता आलं नाही, लाज वाटली. “तुम्ही कशाला तोंड पाडताय?” त्या म्हणाल्या. “उद्यापासून पाणी दुसऱ्या सिस्टरला भरायला सांगते. पोटात पाणी गेलं पाहिजे.” चहा मात्र त्यांनी अर्धाच प्यायला.

आजींचं हाड जुळलं, पण चालणं बाकी होतं. पुतण्याने लोणी काळभोरच्या बाजूला एक देखभाल केंद्र शोधलं. तिथे व्यायाम करून घेणारी माणसं होती. केंद्राने आजींच्या जंतूंची नोंद असलेलं आमचं पत्र वाचलं आणि कळवलं, जंतू असलेला पेशंट आम्ही घेत नाही. ही जागा हुकली तर आजी कायमच्या अंथरुणाला खिळणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

पुतण्या सिस्टरांपुढे हात जोडून उभा राहिला. “मॅडम, नवं पत्र द्या आणि जंतूंची ती एक ओळ तेवढी गाळा ना. काकूंना झालेलं तर काहीच नाही.”

“पण आहे ना? ओळ राहील,” सिस्टर म्हणाल्या.

खरं सांगतो, माझ्या मनात वाईट शंका आली. त्या पाण्याच्या पेल्याचा राग बाहेर पडतोय की काय? तुम्हालाही आली असती. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या. “रविवारी मोकळे आहात? नमुन्याच्या काड्या घ्या बरोबर. भरपूर.”

त्यांच्या स्कूटरवर मागे मी, मांडीवर थंड डबा, असे आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो. केंद्राचे व्यवस्थापक सज्जन होते. त्यांनी उभं राहून स्वागत केलं.

“आमचा नियम आहे, मॅडम. जंतूवाला पेशंट नाही.”

“उत्तम नियम. इथले बाकीचे कुठून आलेत?”

“दवाखान्यांतूनच. कोणी ऑपरेशन होऊन, कोणी आयसीयूतून.”

“मग त्यांच्यात नाही हे कशावरून?”

“अहो, कोणाला काही झालेलं नाही!”

सिस्टर इतक्या गोड हसल्या की मला त्या माणसाची दया आली. “मग आज सगळ्यांचंच बघून टाकू. ज्यांच्यात निघेल त्यांना नियमाप्रमाणे घरी पाठवा. कर्मचाऱ्यांचेही नमुने घेऊ. आपल्यापासून सुरुवात करू या? दार मी लावून घेते.”

व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं. “नमुना कुठून घेतात?”

मी सांगितलं. ते चटकन खुर्चीत बसले आणि खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकवली. दारात उभ्या असलेल्या, तिथे कामाला येणाऱ्या गावातल्या मावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “द्या की सायेब, काय हाय त्यात!”

मग सिस्टरांनी चेष्टा सोडली. “अहो, ज्यांच्यात आहे ते सगळे आपल्याला कळणार नाहीत. तेव्हा प्रत्येकाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. तेवढं नीट केलंत तर आजी इथे आरामात राहतील.” पुढचे दोन तास त्यांनी तिथल्या बायकांना हात धुवायला शिकवलं. एका बेसिनमध्ये साबणाऐवजी तुळशीची कुंडी निघाली, ती बाहेर काढायला लावली. मंगळवारी आजींना तिथे जागा मिळाली.

महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो, बेसिनं बघायला. आजी वॉकर धरून खोलीत फेऱ्या घालत होत्या. सिस्टरांना पाहून थांबल्या. इथल्या बायका फिरवताना एप्रन घालत नाहीत, नुसते हात धुतात, तेही आजींना शिवण्याआधी आणि शिवून झाल्यावरही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पडल्या पडल्या बराच विचार केलेला दिसत होता.

“ते एप्रन,” आजी म्हणाल्या, “माझ्यासाठी नव्हते. माझ्यामुळे होते. हो ना गं?”

“हो, आजी.”

“म्हणजे इतके दिवस मीच...” पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. जन्मभर त्यांनी तो दुसऱ्यांसाठी सहज वापरला असणार.

“तसं काही नसतं, आजी,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. मला त्यांचा तो आवाज माहीत नव्हता.

आजींनी टेबलावरचा डबा उघडला, बेसनाचा एक लाडू काढला आणि सिस्टरांपुढे धरला.

सिस्टरांनी हात मागे घेतला. “आधी हात धुवा.”

आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग लाडू डब्यात ठेवून, एकेक पाऊल टाकत कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या. साबण घेतला. तळवे चोळले, बोटांच्या बेचक्या चोळल्या, नखं चोळली.

“अंगठा,” सिस्टर म्हणाल्या.

आजींनी अंगठाही धुतला. आधी हाताळलेला वरचा लाडू काढून घेऊन डबा मी बेसिनपाशी नेला. त्यांनी खालचा उचलला आणि सिस्टरांच्या तळहातावर ठेवला, बोटं नीट टेकवून. सिस्टरांनी तो तिथेच उभ्याने खाल्ला.

“तूप कमी पडलंय,” त्या म्हणाल्या.

“पुतण्याच्या बायकोने केलेत,” आजी म्हणाल्या. “मी करीन तेव्हा घरी ये.”

सिस्टर बेसिनकडे वळल्या आणि लाडवाचे हात धुवू लागल्या. अंगठा त्यांनी दोनदा धुतला.