हळू बोलणाऱ्या बाई

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. दिघीच्या शाळेत काही महिन्यांसाठी नव्या बाई आल्या. त्यांचं नाव आम्हाला कधी कळलंच नाही. पहिल्याच दिवशी माझ्या आईनं त्यांना छडी आणून दिली. “मारल्याबिगर ही पोरं ऐकायची न्हायत.”

बाईंनी ती हसून परत केली. “भिऊन गप्प बसलेलं मूल मला नको. ऐकायला गप्प बसलेलं हवं.”

मग त्या आमच्यातच जमिनीवर बसल्या आणि इतक्या हळू गोष्ट वाचू लागल्या, की आम्हीच एकमेकांना गप्प केलं. मध्येच त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. वर्गात सर्वांत जास्त ओरडणारी मीच होते! मी अडखळत वाचलं, पण कुणी हसलं नाही.

आई दारातच थांबली होती. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत सुटली, “वाचतेय ती माझी लेक हाय!”