रांगेतला डबा

बागेतल्या मोठ्या पाळण्याला तासाभराची रांग होती. मी नातीबरोबर नुकतीच उभी राहिले होते. एक बाई दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन सरळ दारापाशी गेली, अपंगत्वाचं कार्ड दाखवून परत आली आणि आमच्या शेजारीच झाडाखाली बसली. मुलीने दोन्ही कान दाबून धरले होते.

मी म्हटलं, "हातपाय तर धड आहेत हिचे. मग कार्ड कशाला?"

बाई रागावली नाही. "आजी, तिला गर्दी आणि गोंगाट सोसत नाही. दारावर तासाभरानंतरची वेळ दिलीय, तासभर आम्हालाही थांबायचंय. फक्त रांगेत नाही."

आमची रॉकेलची रांग आठवली. रांगेत डबा ठेवून आम्ही सावलीला बसायचो. मागची बाई तो पायाने पुढे सरकवायची. नंबर डब्याचा असायचा, पायांचा नाही. कुणी कुणाला घुसखोर म्हटलं नाही.

आमचा नंबर जवळ आला, तशा त्या दोघीही उठून दाराशी आल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ ताई, मधेच कुठे?" मुलीने आईची ओढणी घट्ट धरली.

मी वळून म्हटलं, "मधे नाही. त्यांचा डबा तासभर माझ्यापुढे आहे. मीच सरकवत आणलाय."