सासूच्या दंडाला बांधलेला पट्टा

आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. औंढ्याजवळच्या एका गावात मी गरोदर बायांची तपासणी करत होते. आठवा महिना लागलेली एक सून ओसरीवर बसली होती. तिचा चेहरा सुजलेला होता, डोकं ठणकत होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, म्हणाली. रक्तदाब मोजला, तो फारच चढलेला होता. तिला कधीही झटके येऊ शकत होते.

"हिला आत्ताच हिंगोलीला न्यावं लागेल," मी म्हणाले.

"काहून?" सासू दारात आडवी उभी राहिली. "आमी काय घरात बाळंत झालो न्हाई? तुमचं यंत्रच खोटं बोलून राहिलं."

वाद घालायला वेळ नव्हता. मी सासूलाच खाली बसवलं, यंत्राचा पट्टा तिच्या दंडाला बांधला. तिचा आकडा ठीक होता. मग पुन्हा सुनेचा मोजला, तर तो मघापेक्षाही चढलेला. सासूने वाकून तो आकडा पाहिला. मग ओरडली, "जीप बोलवा रे कोणी!"

वाटेत सुनेला झटका आलाच. मी सांगितलं तसं सासूने तिला कुशीवर धरून ठेवलं. दवाखाना येईपर्यंत तिने हात सैल सोडला नाही.

संध्याकाळी मुलगी झाली, अगदी एवढीशी. सून दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. मी निघाले तेव्हा सासू बाळाला ठेवलेल्या काचेच्या पेटीपाशी उभी होती.

"गावात याल तवा शेजारच्या घरी बी जा," ती म्हणाली. "तिथली पोरगी पोटुशी हाये. न्हाई म्हणली तर मला हाक मारा."