एकाच टरफलाची दोन तेलं

"सुलू गेली गो," हे फोनवर म्हणाले आणि मी विचारलं, "खंय? वेंगुर्ल्याक?"

मी तेव्हा खारेपाटणला माहेरी, भाचीच्या साखरपुड्याच्या गडबडीत होते. हातात वाढायचं भांडं, कानाला फोन. सुलू न सांगता सवरता एसटीत बसून काजूची टरफलं आणायला वेंगुर्ल्याला जायची; त्या खेपा केव्हाच बंद झाल्या होत्या, तरी सवयीने माझ्या तोंडून दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. हे म्हणाले, "नाय गो... गेली म्हणजे गेली." तरी मला उमजेना. मी आणखी काहीतरी विचारलं, बहुतेक छत्री नेली का असंच काहीतरी. त्या वेळी मी काय बोलले ते आता आठवत नाही, आणि हे सांगत नाहीत. काही आठवडे झाले, तरी त्या फोनपासून माझं डोकं सरळ चालत नाही. म्हणून लिहायला बसले.

सुलभा माझी नणंद, ह्यांच्या पाठची बहीण. कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात तिने रसायनशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर आचऱ्याला आमच्याकडे राहायला आली. मागच्या अंगणाला लागून असलेली खोली तिने घेतली. मला वाटलं होतं, आता ही पोथी वाचेल, देवळात जाईल, माझ्याबरोबर कोकमाची सोलं वाळवेल. आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वैनी, तुझो मिक्सर दी गो जरा. काजूची टरफलां वाटूची आसत."

काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मी मिक्सर पोटाशी धरून उभी राहिले. "ह्यात मी चटणी वाटतंय!" ती इतकी हसली की तिला ओट्याला टेकावं लागलं. दुसऱ्या दिवशी कणकवलीहून तिने स्वतःचा मिक्सर आणला आणि त्यावर लाल रंगाने भली मोठी फुली मारली. आमची मैत्री झाली ती त्या दिवसापासून.

तिच्या डोक्यात काय होतं ते तिने मला पुष्कळदा सांगितलं आणि मला ते पुष्कळदा अर्धंच कळलं. आमच्या ह्यांची लाकडी होडी आहे, आणि पाण्यातली कीड लाकूड आतून पोखरून काढते, हा इथला कायमचा जाच. टरफलाचं तेल लाकडाला लावायची पद्धत जुनीच. पण ते टरफलं भाजून काढलेलं तेल. सुलूचं म्हणणं, ह्या तेलात एक आम्ल असतं, किडीला नकोसं होणारं, आणि भट्टीत तापलं की त्यातला वायू उडून जाऊन त्याचं दुसरंच काहीतरी होतं. मग न तापवता ते काढता आलं तर? कारखान्यातली टरफलं आधीच वाफवलेली असतात हे लक्षात आल्यावर तिने वेंगुर्ल्याच्या खेपा बंद केल्या आणि आमच्याच झाडांच्या कच्च्या बिया उन्हात वाळवून फोडायला लागली. कोपरापर्यंत खोबरेल, वर रबरी हातमोजे, डोक्याला टॉवेल. टरफलं कुटायची, स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची, सावलीत उघडी ठेवून स्पिरिट उडू द्यायचं. तळाला राहील ते तेल फणसाच्या लाकडाच्या तुकड्यांना लावून ते तुकडे खाडीत बांधून ठेवायचे.

आणि तिथे घोटाळा सुरू झाला. दगडी उखळात कुटलेल्या टरफलांचं तेल लावलेले तुकडे बरे निघाले. मिक्सरमध्ये वाटलेल्या टरफलांतून तेल जास्त आलं, भराभर आलं, पण त्या तुकड्यांना भोकंच भोकं. झाडं तीच, वाळवण तेच, स्पिरिट तेच. फरक फक्त दळण्याचा. मी म्हटलं, मिक्सर तापतो ना, म्हणून असेल. ती म्हणाली, "माकाही तसाच वाटला होता. पण तेवढ्या तापण्याने ते आम्ल मोडत नाही गं, त्याला चांगली आच लागते." तिचं असंच होतं, बोलता बोलता मालवणीतून कॉलेजात शिरायची. मग तिला वाटलं, प्रश्न बारीकपणाचा आहे, पीठ इतकं बारीक होतं की नको तेही स्पिरिटमध्ये उतरतं. तिने चाळणी लावून जाडं आणि बारीक वेगळं केलं. मग टरफलं फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून, गार असतानाच थोडी थोडी फिरवली. माझ्या सुरमईच्या शेजारी काजूची टरफलं! त्यावरून मी दोन दिवस अबोला धरला. पुढच्या हंगामात तुकडे वर काढले तेव्हा सगळं उलटं. मिक्सरचे चांगले, उखळाचे पोखरलेले, आणि गार करून वाटलेले काही असे, काही तसे.

दुसरं कोणी असतं तर कंटाळलं असतं. सुलू ते तुकडे पायरीवर मांडून तासन्‌तास बघत बसायची. "वैनी, माका काय समजूक नाय," असं म्हणायची, आणि चेहरा मात्र बाजारातून मनासारखं काही मिळून आल्यासारखा.

ह्यांना ते सोसवेना. गेल्या वर्षी होडी रंगवायची वेळ आली तेव्हा जेटीवर चार माणसांत ह्यांनी तिला विचारलं, "ह्या तेल होडयेक लावचा काय नाय? एकच सांग."

"माका म्हायत नाय, दादा."

"मगे इतकी वर्सां केलंस काय?"

ती तिथूनच वळली. घरी येऊन हात धुतले, खोलीत गेली. ह्यांनी नेहमीचंच तेल होडीला लावलं. त्यानंतर ती ह्यांचं जेवण झाल्याशिवाय पानावर बसेना, आणि हे तिच्या खोलीवरून जाताना मान वळवून जात. मी दोघांमध्ये निरोप पोचवत राहिले. कोण चुकलं ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. होडी म्हणजे ह्यांचं पोट, आणि जे माहीत नाही ते माहीत आहे असं म्हणणं सुलूला जमत नव्हतं.

मी खारेपाटणला निघाले त्या सकाळी ती उखळाशी होती. मान वर न करता म्हणाली, "दादाक इचार, होडी कधी वर घेवची आसा?" मी म्हटलं, तूच विचार. ती म्हणाली, "हां... इचारतंय." विचारलं की नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी हे स्वतः, इतक्या महिन्यांनी, तिच्यासाठी चहा घेऊन मागे गेले. ती खुर्चीत बसलेली होती. ह्यांना वाटलं, डोळा लागलाय. दोनदा हाक मारली. चहा तिथेच ठेवून परत निघाले, आणि अर्ध्या वाटेत काहीतरी वाटून पुन्हा मागे फिरले... डॉक्टर म्हणाले, हृदय.

दिवस झाल्यावर खोली आवरायला घेतली. कोपऱ्यात तेलाचे दोन मोठे डबे, होडीला पुरतील इतके. एक उखळाचं, एक मिक्सरचं असणार, पण दोन्हींत सारखंच काळपट तपकिरी तेल, सारखाच वास. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावणाऱ्या बाईने ह्या डब्यांवर काहीच लिहिलं नव्हतं. विसरली? की कुठलं कशाचं ते निकाल बघताना स्वतःलाही कळू नये म्हणून मुद्दाम? ह्यांच्यासाठी केलं होतं की नव्हतं?

पावसाआधी होडी किनाऱ्यावर वर घेतल्यावर हे दोन्ही डबे घेऊन गेले. मी मागोमाग गेले. हातमोजे घालून ह्यांनी उजव्या अंगाला एका डब्यातलं तेल लावलं, डाव्या अंगाला दुसऱ्यातलं. जेटीवरचा कोणीतरी हसून म्हणाला, "दत्ता, असा अर्धा अर्धा कित्याक रे?" हे म्हणाले, "माका म्हायत नाय." होडी आता माडाच्या झापांखाली आहे. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात जाईल, आणि पुढच्या उन्हाळ्यात वर येईल तेव्हा काय दिसेल ते दिसेल. दिसलं तरी कुठलं अंग उखळाचं आणि कुठलं मिक्सरचं, हे सांगणारं कोणी नाही.

परवा आमटीच्या वाटपाचं खोबरं मिक्सरमध्ये फिरवताना मी मधेच बटण बंद केलं, भांडं उचललं आणि हाताची मागची बाजू त्याच्या बुडाला लावून पाहिली. सुलू टरफलं वाटताना असंच करायची. मला कधी लागली ही सवय, ठाऊक नाही. हे दारात उभे होते.

"काय बघतंस?"

"गरम झाला काय ता."

"झाला?"

"थोडा."

"मगे?"

मी भांडं त्यांच्यापुढे धरलं. हे आत आले, ओट्याजवळ थांबले, आणि त्यांनीही हात उलटा करून भांड्याच्या बुडाला लावला.